शृंगेरीची लूट

१७९१ साली शृंगेरीचा मठ लुटला गेला. लुटणारे टिपू सुलतानचे सैनिक नव्हते, ते पेशव्यांच्या फौजेबरोबर आले होते. महाराष्ट्रात हा प्रसंग फारसा कुणी सांगत नाही. आपल्या मुस्लिम सभांमध्ये मात्र तो वारंवार सांगितला जातो, पण अर्धाच.

तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रज, निजाम आणि पेशवे हे तिघे टिपूविरुद्ध एकत्र आले होते. परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडच्या किल्ल्यापुढे सहा महिन्यांहून अधिक अडकून पडली. किल्ला हाती आल्यावर ती दक्षिणेकडे सरकली आणि तिच्यातल्या टोळ्या शृंगेरीवर तुटून पडल्या. माणसे मारली गेली, मठाची संपत्ती लुटली गेली, शारदेची मूर्ती जागची हलवली गेली. शंकराचार्य सच्चिदानंद भारती यांना मठ सोडून कारकळला आश्रय घ्यावा लागला. मठाने नुकसान साठ लाखांचे सांगितले. ब्राह्मण पेशव्यांच्या फौजेने आद्य शंकराचार्यांचे पीठ लुटावे, याचा मेळ आजच्या हिंदू-मुस्लिम चौकटीत बसवून दाखवा!

पटवर्धनांच्या मराठी पत्रव्यवहारात या लुटीचा दोष लमाण आणि पेंढाऱ्यांवर टाकला आहे. लमाण बैलांच्या तांड्यांवर फौजेचे धान्य वाहत. पेंढाऱ्यांना पगार नसे, लूट हीच त्यांची कमाई. इथे वर्ध्याकडे पेंढारी कोण हे समजावून सांगायला नको. १८११ साली ते थेट नागपूरच्या वेशीपर्यंत आले होते, आणि आपल्या भागातल्या जुन्या मातीच्या गढ्या बऱ्याचशा त्यांच्याच धास्तीने उभ्या राहिल्या. पण त्यांच्याकडे बोट दाखवून पटवर्धनांना सुटता येत नाही. बिनपगारी टोळ्या बरोबर घेऊन निघालेल्या सरदाराला त्या काय करणार हे ठाऊक असतेच.

पुढची हकिकत कळते ती टिपूच्या पत्रांतून. १९१६ साली म्हैसूरच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार्य यांना मठात टिपूची सुमारे तीस कन्नड पत्रे सापडली. त्यांत तो स्वामींना ‘जगद्गुरू’ म्हणतो, अशा पवित्र जागेशी पाप करणाऱ्यांना त्याचे फळ लवकरच भोगावे लागेल असे लिहितो. शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी दोनशे रहाती नाणी रोख आणि दोनशे रहातींचे सामान द्यावे, असा हुकूम त्याने बिदनूरच्या असफला दिला. देवीसाठी वस्त्रे आणि स्वामींसाठी पालखीही पाठवली.

आपले वक्ते इथेच थांबतात. पण त्याच पत्रव्यवहारात टिपू आपल्या विजयासाठी स्वामींना सहस्रचंडी जप करायला सांगतो. तीन फौजा अंगावर आलेल्या राजाला प्रजेतल्या मोठ्या पीठाचा आशीर्वाद हवा होता. यात श्रद्धा किती आणि राजकारण किती, हे वेगळे काढता येणार नाही, आणि मला त्याची गरजही वाटत नाही. मात्र याच टिपूने १७८४ साली मंगळूर भागातल्या कॅथलिकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले आणि त्यांची चर्च पाडली. ते इंग्रजांना सामील आहेत असा त्याला संशय होता. पण संशय माणसांवर होता, मग चर्च कशासाठी पाडली? शृंगेरी अभिमानाने सांगणाऱ्याने मंगळूरही सांगावे.

सूरह हजच्या चाळिसाव्या आयतीत, जिथे अल्लाहचे नाव घेतले जाते अशा ठिकाणांच्या रक्षणाचा विषय आहे. तिथे मठ, चर्च आणि यहुद्यांची प्रार्थनास्थळे आधी येतात, मशिदी शेवटी. टिपूला ही आयत माहीत नसेल असे कोण म्हणेल? पेशव्यांच्या घरातही याचा धडा होताच. शिवाजी महाराजांचा द्वेष करणाऱ्या खाफीखानानेही लिहून ठेवले आहे की, त्यांच्या लोकांनी मशिदींना आणि कुराणाला हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम होता. हाती आलेली कुराणाची प्रत ते आदराने आपल्याकडच्या मुसलमानाला देत. शंभर-सव्वाशे वर्षांत तो नियम शृंगेरीपर्यंत पोचेनासा झाला.

आज असे कृत्य युद्धगुन्हा ठरते. टिंबक्टूतले सुफींचे मकबरे पाडल्याबद्दल २०१६ साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने अल महदीला नऊ वर्षांची शिक्षा दिली. तो मुसलमान, मकबरेही मुसलमानांचेच.

श्रीरंगपट्टणचा तह मार्च १७९२ मध्ये झाला. टिपूचे निम्मे राज्य गेले, तीन कोटी तीस लाखांचा दंड बसला, दोन मुलगे ओलीस गेले. पेशव्यांना त्यांच्या वाट्याचा मुलूख मिळाला. शृंगेरीच्या लुटीबद्दल त्या तहात एक कलमही नाही.