सोनू निगम, अजान आणि भोंगा

आमच्या देवळाली कॅम्पात कानांना आवाजाची सवय असते. तोफखान्याचा सराव सुरू झाला की खिडकीची तावदानं थरथरतात, पण कुणी तक्रार करत नाही. पहाटेची अजान मात्र वर्षा-दोन वर्षांनी वादात सापडतेच. 2017 मध्ये हा वाद सोनू निगमने पेटवला होता.

17 एप्रिलच्या सकाळी त्याने ट्विटरवर लिहिलं की, मी मुसलमान नाही तरी मला अजानने उठावं लागतं, ही धर्माची सक्ती कधी थांबणार? पैगंबरांच्या काळात वीज नव्हती, हेही त्याने सुनावलं. मंदिर-गुरुद्वाऱ्यांच्या भोंग्यांनाही विरोध असल्याचं सांगितलं आणि वर 'गुंडागर्दी' असा शब्द वापरला. हा शब्द मलाही टोचला. टीव्हीवाल्यांनी त्यातली अजान तेवढी उचलली, मंदिर-गुरुद्वारा गाळून टाकलं. मग पश्चिम बंगालमधल्या एका मौलवींनी त्याचं मुंडण करून, चपलांचा हार घालून देशभर फिरवणाऱ्याला दहा लाखांचं बक्षीस जाहीर केलं. 19 एप्रिलला सोनूने पत्रकारांना घरी बोलावलं आणि स्वतःच मुंडण करून घेतलं. वस्तरा होता आलिम हकीम यांच्या हातात. अटी पूर्ण झाल्या नाहीत म्हणून मौलवींनी पैसे नाकारले. दोन दिवस सगळा देश केसांवर बोलत राहिला, मूळ प्रश्न राहिला बाजूलाच.

खरं तर हा प्रश्न आपल्या घरातलाच आहे, आणि जुना आहे. मदिन्यात नमाजसाठी लोकांना कसं बोलवावं याचा विचार चालला होता. अब्दुल्लाह बिन जैद यांना स्वप्नात अजानचे शब्द ऐकू आले. पैगंबरांनी ते हजरत बिलाल यांना शिकवायला सांगितले, कारण त्यांचा आवाज चांगला होता. बिलाल मशिदीजवळच्या एका घराच्या छतावर चढून फज्रची अजान देत. म्हणजे निवडीचा निकष गळा होता. आज आपल्याकडे किती मशिदींत हा निकष लागतो? भोंगा महागातला, बांगी मात्र मिळेल तो!

भोंगा आला तेव्हा खुद्द उलेमाच साशंक होते. नमाजमध्ये यंत्रातून येणारा आवाज इमामाचा मानायचा की नुसता प्रतिध्वनी, यावर मोठा खल झाला. मौलाना अशरफ अली थानवी सुरुवातीला विरोधात होते. पुढे मुफ्ती मुहम्मद शफी यांच्यासारख्यांनी मत बदललं. ज्या वस्तूला आपल्या आजोबांच्या पिढीने बिचकत घरात घेतलं, ती आपण दोन पिढ्यांत दीनचा भाग करून टाकली.

कायद्याचं म्हणाल तर सोनूच्या आधीच बरंच ठरलं होतं. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं, आणि ऑगस्ट 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने भोंगा वापरणं हा मूलभूत हक्क नाही, असं सांगितलं. उन्हाळ्यात आपल्याकडे फज्रची अजान सहाच्या बरीच आधी होते. त्यामुळे अडचण पाचपैकी नेमक्या या एका अजानची आहे. गणपती, नवरात्र, उरूस, लग्नाचे डीजे या सगळ्यांना तोच नियम लागू आहे. तो कुणाच्या दारात आधी पोहोचतो, ही आपली रास्त तक्रार. पण दुसऱ्याने नियम मोडला म्हणून आपली अजान नियमात बसत नाही.

सोनूला मुस्लिमद्वेष्टा ठरवणाऱ्यांना मात्र एक गोष्ट विसरता येणार नाही. हा मुलगा वडिलांचं बोट धरून स्टेजवर चढला तो मोहम्मद रफींची गाणी गात. पहिली ओळखही त्याला रफींच्याच गाण्यांच्या कॅसेटनी दिली. त्याचे उस्ताद गुलाम मुस्तफा खान. मुंडणाच्या दिवशी पत्रकारांसमोर त्याने रफीसाहेबांना वडिलांच्या जागी मानतो, हे सांगितलंही. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला तो टकलाचा.