नागपूरचा निकाल, वर्ध्याचा निवाडा

1937 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या पहिल्या प्रांतिक विधानसभेसाठी मतदान झाले. 112 जागांपैकी 70 जागा काँग्रेसला मिळाल्या. आकडा स्वच्छ होता, बहुमत निर्विवाद होते आणि विरोधी बाकांवर कोणताही एक पक्ष तोलामोलाचा नव्हता. असे असताना जुलै 1937 मध्ये अधिकारावर आलेले डॉ. नारायण भास्कर खरे यांचे मंत्रिमंडळ जुलै 1938 मध्ये कोसळले, तेही सभागृहात एकही मत विरुद्ध न पडता. या घटनेला इतिहासात ‘खरे प्रकरण’ म्हणतात आणि ते बहुधा दोनपैकी एका पद्धतीने सांगितले जाते. एका पद्धतीत खरे हे अहंकारी आणि उतावळे ठरतात, दुसऱ्या पद्धतीत ते वल्लभभाई पटेलांच्या हुकूमशाहीचे बळी ठरतात. दोन्ही पद्धती माणसांच्या स्वभावावर थांबतात. माझे म्हणणे वेगळे आहे. त्या निवडणुकीने ज्या प्रांताला सरकार दिले, त्या प्रांताची काँग्रेस मुळात अस्तित्वातच नव्हती. सरकार एका प्रांताचे आणि पक्ष तीन प्रांतांचा, अशी ती रचना होती. तिच्यात भांडण झाले की ते मिटवायला नागपुरात जागाच उरत नव्हती.

हा तिढा समजायला 1920 च्या डिसेंबरात जावे लागते. नागपूरच्याच अधिवेशनात काँग्रेसने नवी घटना स्वीकारली आणि आपल्या प्रांतिक समित्या भाषेच्या पायावर उभ्या केल्या. इंग्रजांचा मध्यप्रांत 1861 मध्ये भोसल्यांचे जुने राज्य आणि सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून बनवलेला होता. 1903 मध्ये निजामाकडून कायम पट्ट्याने घेतलेला वऱ्हाड त्याला कारभारापुरता जोडला गेला. राज्यकर्त्यांची सोय, याखेरीज या जुळणीला दुसरे कारण शोधून सापडत नाही. काँग्रेसने ती मानली नाही. जबलपूरच्या बाजूचा हिंदी मुलूख, नागपूरच्या बाजूचे मराठी जिल्हे आणि अमरावतीकेंद्री वऱ्हाड अशा तीन स्वतंत्र प्रांतिक समित्या झाल्या. हिंदी भागाची समिती पुढे महाकोशल म्हणून ओळखली गेली, वऱ्हाडची विदर्भ म्हणून. चळवळीसाठी ही व्यवस्था उत्तम होती. जंगल सत्याग्रह यवतमाळकडे पेटवायचा की बैतूलकडे, हे ज्याने त्याने आपल्या भाषेत ठरवावे, यात शहाणपणच होते. पण सत्याग्रहाला एका खुर्चीवर एकच माणूस बसवावा लागत नाही. मंत्रिमंडळाला लागतो.

नागपूरचे कायदेमंडळ तसे भाबडेही नव्हते. द्विदल राज्यपद्धतीच्या काळात, 1923 च्या निवडणुकीत, काँग्रेसमधल्याच स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले असा हा प्रांत होता. 1924 मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नेतृत्वाखाली सभासदांनी मंत्र्यांवर अविश्वास दाखवला आणि त्यांचा पगार कापून वर्षाला दोन रुपये केला. गव्हर्नरला मंत्र्यांकडची सोपीव खाती स्वतःकडे घ्यावी लागली. ती सारी खेळी सभागृहात, मतमोजणीने आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत झाली. पुढच्याच वर्षी, 1925 मध्ये, त्याच पक्षाचे आणि सभागृहाचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. त्यावरून पक्ष फुटला आणि मराठी पुढाऱ्यांपैकी बरेच जण प्रतिसहकाराच्या, म्हणजे सरकारशी सशर्त सहकार्याच्या, वाटेला लागले. ही फूट वरवर तत्त्वाची होती, पण तिने मराठी भागातली काँग्रेस दुबळी केली आणि महाकोशलच्या तुलनेत नागपूर-वऱ्हाडचे पारडे हलके झाले. 1937 च्या निकालाचे वजन कुठे पडणार, हे दहा वर्षे आधीच ठरत आले होते.

निवडणूक झाली ती 1935 च्या कायद्याखाली. त्या कायद्याने या प्रांताला एकच सभागृह दिले आणि त्याच्या जागा अक्षरशः वाटण्या करून मांडल्या. 84 सर्वसाधारण जागा, त्यांत 20 अस्पृश्य वर्गांसाठी राखीव; मुसलमानांसाठी 14, स्त्रियांसाठी 3, जमीनदारांसाठी 3, व्यापारासाठी 2, मजुरांसाठी 2, विद्यापीठासाठी 1 आणि किरकोळ इतर. मताचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर बेतलेला होता. बहुसंख्य प्रौढ रांगेबाहेरच राहिले. पण तोवर इतका मोठा मतदारवर्ग या प्रांताने पाहिला नव्हता आणि त्याने काँग्रेसला जिंकवले, हे नाकारता येत नाही. या 70 जणांत महाकोशलचे संख्याबळ सर्वांत मोठे होते. गव्हर्नर आपले खास अधिकार वापरणार नाहीत अशी हमी मिळेपर्यंत काँग्रेसने अधिकार घेण्याचे नाकारले. तेवढ्या काळासाठी ई. राघवेंद्र राव यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ एप्रिल ते जुलै कसेबसे चालले. त्याला कोणी गंभीरपणे घेतले नाही आणि आपणही घ्यायचे कारण नाही.

खरी गंमत त्यानंतरची आहे. महाकोशल बहुमतात असताना मुख्य प्रधान झाले नागपूरचे डॉ. खरे. कारण महाकोशल एकसंध नव्हते. रविशंकर शुक्ल यांना तो मान मिळू नये असे तिथल्याच काहींना वाटत होते आणि द्वारकाप्रसाद मिश्र यांचे पाठबळ त्या वेळी खऱ्यांकडे होते. म्हणजे खरे निवडले गेले ते स्वतःच्या प्रांताच्या ताकदीवर नव्हे, दुसऱ्याच्या घरातल्या भांडणावर. पहिल्या मंत्रिमंडळात खरे, रामराव देशमुख, पु. ब. गोळे आणि महंमद युसुफ शरीफ ही नागपूर-वऱ्हाडची बाजू होती. शुक्ल, मिश्र आणि दुर्गाशंकर मेहता ही महाकोशलची. पुढे शुक्ल आणि मिश्र एक झाले आणि खऱ्यांच्या पायाखालची फळी निघाली. कायदेमंत्री शरीफ यांनी एका कैद्याला मुदतीपूर्वी सोडल्यावरून वादळ उठले, तेव्हा ते प्रकरण सभागृहात नव्हे, काँग्रेस कार्यकारिणीपुढे गेले आणि शरीफांना जावे लागले. मे 1938 मध्ये पचमढीला पटेलांच्या साक्षीने उरलेल्या मंत्र्यांत समेट झाला. तो टिकला दोन महिने.

20 जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला. गोळे आणि देशमुख यांनीही दिला. संसदीय संकेत असा की मुख्य प्रधान गेला म्हणजे सगळे मंत्री जातात; खऱ्यांचा हिशेब त्यावरच बेतलेला होता. पण शुक्ल, मिश्र आणि मेहता यांनी पक्षाच्या आज्ञेशिवाय राजीनामा देण्यास नकार दिला. कार्यकारिणीची बैठक तीन दिवसांवर, वर्ध्याला ठरलेली होती. खरे थांबले नाहीत. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्या तिघांना बडतर्फ केले आणि 21 तारखेला खऱ्यांनाच पुन्हा मंत्रिमंडळ बनवायला बोलावले. नव्या यादीत देशमुख आणि गोळे होतेच; शिवाय छत्तीसगडचे ठाकूर प्यारेलाल सिंह आणि दलित समाजाचे रा. गो. अग्निभोज यांची नावे होती. 23 ला वर्ध्यात श्रेष्ठींपुढे उभे राहून खऱ्यांना हे दुसरे मंत्रिमंडळही मोडावे लागले. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष असलेल्या कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला आणि पक्षाच्या आमदारांनी वर्ध्यातच शुक्लांना नेता निवडले. नऊ दिवसांत दोन मंत्रिमंडळे पडली, तिसरे उभे राहिले आणि नागपूरच्या विधानसभेला त्यात बघ्याची भूमिकाही मिळाली नाही. 1924 मध्ये ज्या सभागृहाने मंत्र्यांना दोन रुपयांवर आणले होते, त्याचेच हे वारस.

यावर पहिला आक्षेप गांधीजींचाच आहे आणि तो हलका नाही. ऑगस्ट 1938 मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी कार्यकारिणीच्या अधिकारांविषयी लिहिले. त्याचा आशय असा की काँग्रेस अंतर्गत कारभारात लोकशाही संस्था असली तरी परसत्तेशी लढताना ती सेना असते आणि सेनेत मुख्य सेनापतीची आज्ञा चालते. खरे गव्हर्नरच्या दारी गेले, म्हणजे शत्रूच्या गोटात गेले, असा याचा अर्थ. शिवाय मतदारांनी मत दिले ते काँग्रेसला, डॉ. खरे या व्यक्तीला ते त्यांच्या मतदारसंघापलीकडे कोणी दिले नव्हते. मग त्या मताचा अर्थ लावण्याचा अधिकार पक्षालाच. हे मला बव्हंशी मान्य आहे. खऱ्यांनी तीन दिवस धीर धरला असता तर त्यांची बाजू निदान ऐकण्यासारखी राहिली असती. गव्हर्नरच्या हातून सहकाऱ्यांना काढण्यात शहाणपण नव्हते आणि शोभाही नव्हती. पण गांधीजींचे उत्तर कोण चुकले एवढेच सांगते. ते भांडण प्रांतात का मिटले नाही, हे सांगत नाही. सामान्य प्रांतात मंत्र्यांचे भांडण प्रांतिक समितीकडे गेले असते. इथे कोणत्या समितीकडे जायचे? नागपूरच्या, अमरावतीच्या की महाकोशलच्या? प्रत्येक समिती एका पक्षकाराची होती. तटस्थ असे दोनच दरवाजे उरले. एक गव्हर्नरच्या बंगल्याचा, दुसरा वर्ध्याचा. खऱ्यांनी आधी पहिला ठोठावला आणि मग त्यांना दुसऱ्यापुढे उभे राहावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. मुंबई प्रांतातही काँग्रेसच्या मराठी, गुजराती, कानडी आणि मुंबई शहराच्या वेगवेगळ्या समित्या होत्या. मद्रासेतही तमिळ, आंध्र, केरळ होते. तिथे असे का घडले नाही? तर घडले, पण आधी घडले. मुंबईत निकालानंतर के. एफ. नरीमन यांना बाजूला सारून बाळासाहेब खेर नेते झाले, तेव्हाही पटेलांवर बोट रोखले गेले आणि चौकशीही झाली. म्हणजे वरच्यांनी मुंबईचा प्रश्न मंत्रिमंडळ बनण्यापूर्वीच सोडवला. मद्रासला राजगोपालाचारी होते, ज्यांच्यापुढे प्रतिस्पर्धी उभा राहायला बिचकत होता. नागपूरला यातले काहीच लाभले नाही. वरून कोणी नेता ठरवला नाही आणि आतून कोणी एवढा मोठा नव्हता की तिन्ही समित्यांनी निमूट ऐकावे.

तिसरा आक्षेप नागपूरच्या मराठी वर्तुळांत वर्षानुवर्षे घोळला: हे सारे हिंदीवाल्यांनी मराठी माणसाला खाली खेचण्यासाठी केले. त्यात तथ्याचा अंश आहे. राजीनामा देणारे तिघेही मराठी भागातले होते आणि न देणारे तिघेही महाकोशलचे, हे योगायोगाने झाले नाही. पण मग त्याच खऱ्यांना मुख्य प्रधान करण्यात महाकोशलचा हात होता, त्याचे काय? त्यांच्या दुसऱ्या यादीत प्यारेलाल सिंहांसारखा हिंदी भागातला माणूस कसा आला? अग्निभोज यांच्या नेमणुकीवरून तर वादाला वेगळेच वळण लागले; गांधीजींना ती रुचली नाही असा आरोप खऱ्यांनी केला आणि डॉ. आंबेडकरांनी तो आपल्या 1945 च्या पुस्तकात नोंदवला. भाषा हे वैराचे कारण नव्हते, वैर वाहून नेणारी ती पाटचारी होती. पाणी महत्त्वाकांक्षेचे होते, पण ते याच पाटाने वाहणार, हे 1920 च्या नकाशाने ठरवले होते.

ज्या कायद्याखाली हे घडले त्याने कॅनडासारख्या साम्राज्यांतर्गत संघराज्यांची पद्धत समोर ठेवली होती, म्हणून तिकडे एकदा पाहणे उपयोगाचे. कॅनडात प्रांताच्या राज्यपालाने मुख्य प्रधानाला बडतर्फ केल्याचे शेवटचे उदाहरण 1903 चे, ब्रिटिश कोलंबियातल्या प्रायर यांचे. त्यानंतर ती प्रथा तिथे मेली. दुसरीकडे तिथल्या प्रांतिक पक्षांनी मध्यवर्ती पक्षाशी नाते सैल करत नेले. क्वेबेकमधल्या लिबरलांनी तर 1964 मध्ये ते तोडलेच. निकाल प्रांतात लागतो आणि प्रांतातच पचवला जातो. आपल्याकडे 1938 मध्ये वायलींच्या सहीने राज्यपालाचा हात जिवंत राहिला आणि वर्ध्याच्या ठरावाने मध्यवर्ती पक्षाचा हात बळकट झाला. स्वतंत्र भारतातल्या मुख्यमंत्र्यांना पुढे या दोन्ही हातांचा अनुभव भरपूर आला.

मग असेही विचारता येईल की याच तीन समित्यांच्या प्रांतात शुक्ल 1946 पासून 1956 पर्यंत सलग कसे टिकले? त्यांच्यामागे महाकोशलचे संख्याबळ होते आणि मुख्य प्रधानाचा आधार कुठे असतो हा प्रश्न 1938 नेच निकालात काढला होता. शुक्लांनी तो आधार कधी सोडला नाही. 1952 च्या निवडणुकीत 232 पैकी 194 जागा मिळाल्यावर तर आतल्या कुरबुरींना किंमतच उरली नाही. खऱ्यांची पुढची वाटचाल, व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ, अलवरचे दिवाणपद, हिंदू महासभेचे अध्यक्षपद, पाहून अनेकांनी निष्कर्ष काढला की ते मुळातच काँग्रेसचे नव्हते. माणूस नंतर कुठे गेला यावरून तो आधी का हरला हे ठरत नाही.

तिढ्याचे नेमके निदान त्या काळीच एकाने केले होते, आणि ते याच सभागृहात. 1 ऑक्टोबर 1938 रोजी, म्हणजे वर्ध्याच्या निवाड्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, रामराव देशमुखांचा मराठी जिल्ह्यांच्या वेगळ्या महाविदर्भ प्रांताचा ठराव विधानसभेने एकमताने संमत केला. एकमताने, म्हणजे महाकोशलच्या सभासदांसह; त्यांनाही या जोडणीतून सुटका हवी होती. पक्षाचा नकाशा प्रांतावर बसत नसेल तर प्रांतच बदला, असा तो सरळ हिशेब होता. इंग्रजांनी तो कागदावरच ठेवला. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, तीही मानली गेली नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, शुक्ल भोपाळला नव्या मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले आणि नागपूरची राजधानी संपली. प्रांत मोडला, पण वर्ध्यात पडलेला पायंडा दोन्ही तुकड्यांबरोबर गेला, एक भोपाळला आणि एक मुंबईला.