ऑक्सिजन चुंबकाला का चिकटतो? रेणू-ऑर्बिटल सिद्धांताचा इतिहास

सुरुवातीला शब्दांचा एक घोळ मिटवू. हिंदी पुस्तकात 'अणु' म्हणजे मॉलिक्यूल. मराठीत 'अणू' म्हणजे ॲटम आणि मॉलिक्यूल म्हणजे 'रेणू'. तुम्ही दोन्ही भाषांतील टिपणे वाचत असाल तर इथे हमखास गोंधळ होतो.

आता लंडनला चला. डिसेंबर १८९१ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्युअर यांनी द्रवरूप ऑक्सिजन फॅरेडे यांच्या जुन्या विद्युतचुंबकाजवळ नेला. तो फिकट निळा द्रव उसळून चुंबकाच्या ध्रुवांना चिकटला आणि उकळून संपेपर्यंत तिथेच राहिला. ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो हे माहीत होते. पण का, याचे उत्तर पुढची पस्तीसेक वर्षे मिळाले नाही.

१९१६ मध्ये जी. एन. लुईस यांनी इलेक्ट्रॉनांच्या जोडीने बंध तयार होतो, असे मांडले. त्यांच्या पद्धतीने ऑक्सिजन रेणूचे ठिपके मांडून पाहा: सगळे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात, एकही एकटा उरत नाही. मग चुंबकत्व येते कुठून?

उत्तर रसायनशास्त्रज्ञांकडून आले नाही, ते वर्णपट वाचणाऱ्यांकडून आले. जर्मनीत फ्रीडरिश हुंड आणि अमेरिकेत रॉबर्ट मुलिकन रेणूंच्या वर्णपटातील पट्ट्यांचा अर्थ लावत होते. १९२७ मध्ये गॉटिंगेनला दोघांची भेट झाली. त्यांचा विचार असा: अणूतील इलेक्ट्रॉन जसे संपूर्ण अणूचे, तसे रेणूतील इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूचे; ते दोन अणूंमध्ये वाटून घेतलेच पाहिजेत असे नाही. १९२८ मध्ये मुलिकन यांनी वर्णपटावरून दाखवले की ऑक्सिजनच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीत दोन इलेक्ट्रॉन एकाच दिशेच्या फिरकीचे आहेत. १९२९ मध्ये लेनार्ड-जोन्स यांनी अणू-ऑर्बिटलांची बेरीज-वजाबाकी करून रेणू-ऑर्बिटल मिळवण्याची सोपी रीत दिली. ती आपण आजही वर्गात शिकतो. ('ऑर्बिटल' हा शब्द मात्र मुलिकन यांनी १९३२ मध्ये रूढ केला. ती 'कक्षा' नव्हे. इलेक्ट्रॉन तिथे गोल फिरत नाही.)

या रीतीने ऑक्सिजनचे बारा बाह्य इलेक्ट्रॉन भरा. आठ बंधकारक ऑर्बिटलांत जातात, चार प्रतिबंधकांत. म्हणून बंधक्रम दोन. शेवटचे दोन इलेक्ट्रॉन समान ऊर्जेच्या दोन प्रतिबंधक पाय ऑर्बिटलांत एकेकटे बसतात. ड्युअर यांच्या द्रवाला चुंबकाशी बांधून ठेवणारे हेच ते दोघे. यातला एक इलेक्ट्रॉन काढून घेतला तर बंध सैल होईल, असे वाटते ना? उलट तो १२१ पिकोमीटरवरून सुमारे ११२ पिकोमीटरपर्यंत आखडतो, कारण गेलेला इलेक्ट्रॉन बंध कमकुवत करणारा होता.

इथे बहुतेक पाठ्यपुस्तके सांगतात की ऑक्सिजनमुळे व्हॅलन्स बाँड सिद्धांत हरला. माझ्या मते ही गोष्ट फार सरळ करून सांगितलेली आहे. हायटलर आणि लंडन यांनी १९२७ मध्ये हायड्रोजनसाठी मांडलेला तो सिद्धांत लायनस पॉलिंग यांनी वाढवला, आणि १९३१ मध्ये ऑक्सिजनसाठी 'तीन इलेक्ट्रॉनांचा बंध' सुचवून चुंबकत्वाचेही स्पष्टीकरण दिले. पुढची दोन दशके रसायनशास्त्रज्ञांचे मन पॉलिंग यांच्याकडेच होते. ते स्वाभाविकही होते: त्यांच्या चित्रांत दोन अणूंमधली बंधाची रेघ शाबूत होती. मुलिकन यांच्या सिद्धांतात ती रेघच विरघळते, आणि त्यांचे लेखन वाचायला अवघड.

पारडे फिरवले ते आकडेमोडीने. १९५१ मध्ये शिकागोत रूथान यांनी रेणू-ऑर्बिटलांची समीकरणे अशा रूपात मांडली की पुढे ती संगणकाला सोडवता आली. व्हॅलन्स बाँडचे गणित त्या काळच्या यंत्रांना झेपणारे नव्हते. पॉलिंग यांना रसायनाचे नोबेल १९५४ मध्ये मिळाले. मुलिकन यांना ते १९६६ मध्ये मिळाले, वयाच्या सत्तराव्या वर्षी.