बुरूज उतरवलेला रणगाडा

स्टुअर्ट रणगाड्याची १:७२ प्रमाणातली रेझिनची प्रतिकृती जेमतेम सहा-सात सेंटिमीटर भरते. साच्याचा तेलकटपणा साबणाच्या पाण्याने धुतल्याखेरीज तिच्यावर रंग धरत नाही. आम्ही सुटे भाग सुपरग्लूने जोडले, हिरव्या रंगाचे पातळ हात दिले आणि शेवटी बुरूज बसवताना थबकलो.

१९४८ साली सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूहून श्रीनगरमार्गे झोजी ला खिंडीकडे निघाले, तेव्हा शत्रूला सुगावा लागू नये म्हणून त्यांचे बुरूज उतरवलेले होते. पुढची खेचरांची वाट सॅपर्सनी रणगाड्यांजोगी रुंद केली. १ नोव्हेंबरला सुमारे साडेअकरा हजार फुटांवर हे रणगाडे अवतरले, तेव्हा प्रतिपक्ष हबकला आणि खिंड सर झाली. जनरल थिमय्या स्वतः आघाडीच्या रणगाड्यात होते. त्याच महिन्यात कारगिल हाती आले व लेहचा मार्ग मोकळा झाला.

प्रतिकृतीकार रणगाडा बहुधा तोफ रोखलेल्या क्षणी उभा करतात. रात्रीचा प्रवास आणि वाट खोदणारे हात त्या चौकटीत येत नाहीत. झोजी लाचा विजय मात्र तिथेच घडला होता. म्हणून आमच्या स्टुअर्टचा बुरूज आम्ही चिकटवलेला नाही. तो अलगद उचलून बाजूला ठेवता येतो.