पायोमेट्रा: शेवटचे बहात्तर तास

आठ वर्षांची लॅब्राडोर. नसबंदी झालेली नाही, माज ओसरून सहा आठवडे झालेत. ही कुणा एकीची हकिकत नाही. पायोमेट्रात, म्हणजे गर्भाशयात पू साठण्याच्या आजारात, दवाखान्यात पुन्हा पुन्हा दिसणारा क्रम आहे.

उरले ७२ तास
पाण्याचं भांडं भरावं तितक्यांदा ती रिकामं करते. रात्री हॉलमध्येच लघवी करते. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे. पण माजानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे गर्भाशयाचं अस्तर जाड झालंय, आकुंचन मंदावलंय आणि योनीतून वर चढलेले ई. कोलाय जंतू तिथं वाढतायत. त्यांच्या विषामुळे मूत्रपिंडांना लघवी दाट करता येत नाही. ही तहान त्यामुळे.

४८ तास
जेवणाला तोंड लावत नाही. एक उलटी. पोट बिघडलं म्हणून दहीभात पुढे येतो. मागून स्राव नाही, आणि घात इथेच आहे. गर्भाशयाचं मुख उघडं असतं तर चादरीवर पू दिसला असता आणि तिला आजच दवाखान्यात नेलं असतं. मुख बंद आहे. पू आत साठतोय.

३० तास
थर्मामीटर १०१.८ फॅरनहाइट दाखवतो, कुत्र्यासाठी हे नॉर्मल. घरच्यांना हायसं वाटतं. या आजारात ताप असेलच असं नाही, हे पाळणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायलाच हवं.

१२ तास
पोट ताठरलंय, हात लावू देत नाही. हिरड्या विटकरी लाल झाल्यात. विष रक्तात भिनल्याची ही खूण. रात्रीचे दहा वाजलेत. "सकाळी नेऊ." नाही, आत्ता न्या! रात्री उघडा असलेला दवाखाना शोधा, पण न्या.

३ तास
आता हिरड्या फिकट, कान गार. हिरडी बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत रंग परतायला हवा. इथं चार लागतात. अखेर दवाखान्यात आणल्यावर सोनोग्राफीत द्रवानं फुगलेल्या काळ्या नळ्या दिसतात. रक्तात क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे मूत्रपिंडं थकलेली. सलाईन, अँटिबायोटिक सुरू. अंडाशयासकट गर्भाशय काढणं हाच खात्रीचा उपाय. अ‍ॅग्लेप्रिस्टोनसारखी औषधं शक्यतो मुख उघडं असलेल्या, तब्येत स्थिर असलेल्या आणि पुढे पिल्लं हवी असलेल्या तरुण कुत्रीसाठी. पण रक्तदाब सावरल्याशिवाय हिला भूल देणंही धोक्याचं.

१ तास
ताणलेली भिंत फाटते. पू पोटात पसरतो. रक्तदाब मोजता येत नाही.

शून्य
ऑपरेशन टेबलावर घेण्याआधीच हृदय थांबतं.