टेलिपोर्टेशन : क्षणात इथून तिथे
विज्ञानकथांतील जी यंत्रे प्रत्यक्षात असावीत असे वाटते, त्यांत माणसाला क्षणात दुसरीकडे पोहोचवणारे टेलिपोर्टेशन अग्रभागी असते. १९६६ मधील ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेने ही कल्पना लोकप्रिय केली. तिचे मूळ मात्र काटकसरीत आहे. प्रत्येक भागात अंतराळयान ग्रहावर उतरल्याचे चित्रीकरण निर्मात्यांना परवडणारे नव्हते!

ऑस्ट्रियात अँटन झायलिंगर यांच्या गटाने १९९७ मध्ये एका प्रकाशकणाची पुंज-अवस्था दुसऱ्या प्रकाशकणावर उमटवली. २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या साह्याने हे अंतर १४०० किलोमीटरपर्यंत नेले. यात मूळ कण पलीकडे जात नाही. पोहोचते ती केवळ त्याची अवस्था, आणि मूळ कणावरून ती पुसली जाते. माणसाच्या बाबतीत हे कधी साधलेच, तर पलीकडे अवतरणारा तोच माणूस म्हणावा का, याचे उत्तर पदार्थविज्ञानाकडे नाही.