गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरतायत? वायरिंग वाचवायचं तर हे करा

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की उंदीर कोरडी जागा शोधू लागतात. रात्री उभी केलेली गाडी त्यांना आयतीच सापडते. बॉनेटखाली ऊब असते आणि आडोसाही. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे कुरतडणं त्याला भागच असतं. वायरचं आवरण गेलं की शॉर्टसर्किट होऊन गाडी पेटूही शकते.

कसं ओळखाल?
बॅटरीजवळ लेंड्या, कागद-चिंध्यांचं घरटं, एसी लावताच कुबट वास किंवा डॅशबोर्डवर अचानक पेटलेला दिवा.

काय कराल?
• गाडीत फरसाण, बिस्किटं, पाळीव प्राण्यांचं खाणं ठेवू नका.
• कचरा, लाकडं, कडबा यांच्याजवळ गाडी लावू नका.
• गाडी रोज वापरात नसेल तर एक-दोन दिवसांनी बॉनेट उघडून बघा.
• साधारण ६ मिलिमीटरच्या, म्हणजे पेन्सिलीएवढ्या भोकातूनही लहान उंदीर आत येतो. म्हणून एसीची हवा आत येते तिथे मेकॅनिककडून बारीक तारेची जाळी बसवून घ्या.
• घरटं काढताना हातमोजे आणि मास्क घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जागा जंतुनाशकाने पुसा. वास राहिला तर उंदीर पुन्हा तिथेच येतात.

काय टाळाल?
निपाणी भागात तंबाखू सहज मिळतो, म्हणून बरेच जण त्याची पानं बॉनेटमध्ये ठेवतात. पण वाळलेलं पान गरम सायलेन्सरच्या पाइपावर पडलं तर आग लागू शकते. डांबरगोळ्यांचा वास एसीतून आत येतो. विष घातलं तर उंदीर गाडीतच मरून सडतो. शिवाय मांजर-कुत्र्यांना धोका वेगळाच.

वायर कुरतडलेली दिसली तर?
गाडी सुरू करू नका. चिकटपट्टी लावून वेळ मारून नेऊ नका. फोटो काढा आणि दुरुस्तीआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी काम केलं तर दावा अडकू शकतो. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर स्वतःच्या गाडीचा खर्च मिळत नाही. कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसी असली तरी उंदरांमुळे झालेलं नुकसान त्यात धरलंय का, हे पावसाळ्याआधीच एकदा वाचून घ्या.

फवारे, यंत्रं नंतर बघू. आधी खाणं, आडोसा आणि वाट या तीन गोष्टी बंद करा.